एकतीस नंबरचा हिशेब

2024 च्या उन्हाळ्यात ऑरोरामधल्या आमच्या घराजवळच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मी मुलीसाठी थंडीचा कोट शोधत होते. डेन्व्हरच्या आसपास थंडीचे कपडे उन्हाळ्यातच स्वस्त मिळतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. कोटांच्या रांगेला लागूनच ब्रॉन्कोजच्या, म्हणजे डेन्व्हरच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, नारिंगी जर्सी टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर एकच नाव आणि एकच आकडा होता: विल्सन, तीन. किंमत चार डॉलर. एकदोन जर्सींना तर मूळ दुकानाचे पुठ्ठ्याचे लेबलही तसेच लटकत होते, म्हणजे त्या कोणी अंगातही घातलेल्या नव्हत्या. माझ्या शेजारी विटकी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ हँगर सरकवत उभे होते. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, की या वर्षीसुद्धा आपल्या संघातला सर्वांत महाग माणूस हाच आहे, आणि खोकल्यासारखे हसले. मी उगाचच त्याच संघातल्या जस्टिन सिमन्सची एकतीस नंबरची जर्सी दिसते का ते पाहिले. एकही नव्हती. मार्चमध्ये विल्सनला संघाने सोडले त्याच आठवड्यात सिमन्सलाही सोडले होते, त्यामुळे तीही निरुपयोगी झाली होती. पण ती कोणी टाकून दिली नव्हती.

त्या गृहस्थांचे वाक्य गंमत म्हणून उच्चारलेले असले, तरी शब्दशः खरे होते. रसेल विल्सन हा डेन्व्हरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू होता; तोपर्यंत तो पिट्सबर्गला जाऊन स्टीलर्सच्या सरावाला लागला होता. तिथे त्याला अनुभवी खेळाडूला मिळणारे किमान वेतन, म्हणजे 12 लाख 10 हजार डॉलर मिळणार होते, आणि त्या वर्षीच्या हमी दिलेल्या 3 कोटी 90 लाखांतली उरलेली रक्कम डेन्व्हर भरणार होते. डेन्व्हरच्या 2024 च्या वेतनमर्यादेत, म्हणजे सॅलरी कॅपमध्ये, त्याच्या नावावर 5 कोटी 30 लाख डॉलर धरलेले होते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या प्रत्येक संघाला त्या वर्षी मर्यादा होती 25 कोटी 54 लाखांची. याचा अर्थ, पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक जागा अशा माणसाने अडवली होती, जो दुसऱ्या गावात दुसऱ्या रंगाचा पोशाख घालून खेळणार होता.

मला या खेळातले डावपेच आजही फारसे कळत नाहीत. लग्नानंतर डेन्व्हरला आले तेव्हा रविवारी दुपारी रस्ते ओस पडतात आणि शेजारच्या तळघरातून एकदम आरडाओरडा उठतो, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. नवऱ्याला वेड होते. मी टीव्हीसमोर बसून मटार सोलत असे. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, एका रुग्णालयाच्या लेखा विभागात काम करते. एकदा समालोचक बोलता बोलता म्हणाला, की अमुक खेळाडूला काढून टाकले तर संघाला तो ठेवण्यापेक्षा जास्त महाग पडेल. त्या वाक्याने माझे हात थांबले. मैदानावरचा खेळ बाजूला राहिला आणि त्याच्या मागे चाललेला दुसरा खेळ मला दिसू लागला. तेव्हापासून मी सामन्यांपेक्षा करारांचे तक्ते अधिक आवडीने वाचते, यावर घरात पुष्कळ थट्टा होते.

आपल्याकडच्या वाचकांना आयपीएलच्या लिलावातली थैली ओळखीची आहे. सर्व संघांना सारखी रक्कम, त्यातच सगळा संघ बसवायचा. एनएफएलची मर्यादा वरवर पाहता तशीच आहे आणि ती 1994 पासून, 3 कोटी 46 लाख डॉलरच्या आकड्यापासून चालत आलेली आहे. आदल्या वर्षी खेळाडूंना संघ बदलण्याचे खरे स्वातंत्र्य मिळाले होते. त्याच्या बदल्यात मालकांनी ही मर्यादा पदरात पाडून घेतली. लीगच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा खेळाडूंचा, तो बत्तीस संघांत सारखा वाटला की कॅपचा आकडा निघतो. उत्पन्न मुख्यतः दूरचित्रवाणीच्या हक्कांचे असल्यामुळे तो सहसा वाढतच जातो. महामारीत मैदाने रिकामी राहिली तेव्हा मात्र 2021 मध्ये तो 19 कोटी 82 लाखांवरून 18 कोटी 25 लाखांवर घसरला. पण आयपीएलच्या थैलीत आणि या कॅपमध्ये एक मोठा फरक आहे. तिथे बोली लागली की ती रक्कम थैलीतून तेव्हाच वजा होते. इथे पैसे कधी दिले आणि ते कोणत्या वर्षाच्या खात्यात धरले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संघाच्या कचेरीतली सारी कारागिरी या दोहोंमधल्या फटीत चालते.

विल्सनचेच उदाहरण घ्यावे. सप्टेंबर 2022 मध्ये, डेन्व्हरकडून एकही अधिकृत सामना खेळण्याआधी, त्याच्याशी पाच वर्षांचा वाढीव करार झाला. साइनिंग बोनस 5 कोटींचा. हे पैसे त्याचे झाले, पण नियमाप्रमाणे बोनसची रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून धरता येते, म्हणून दर वर्षीच्या कॅपवर त्यातले 1 कोटीच पडले. 2023 मध्ये आणखी 2 कोटींचा बोनस, तोही पाच वर्षांत विभागलेला, म्हणजे वर्षाला 40 लाख. मार्च 2024 उजाडला तेव्हा पहिल्या बोनसचे दोन हप्ते मोजून झाले होते आणि 3 कोटी शिल्लक होते. दुसऱ्याचा एक हप्ता मोजला होता आणि 1 कोटी 60 लाख शिल्लक होते. त्यात 2024 साठी हमी दिलेले 3 कोटी 90 लाख मिळवले, की बेरीज होते 8 कोटी 50 लाख. खेळाडू संघात राहिला तर हे हप्ते एकेक करून सावकाश पडतात. त्याला सोडले की न मोजलेले सगळे अंगावर येतात. याला तिकडे डेड मनी म्हणतात. एका खेळाडूपोटी एवढा डेड मनी कोणत्याही संघाने त्याआधी ओढवून घेतला नव्हता; आधीचा विक्रम मॅट रायनला सोडणाऱ्या अटलांटाचा, 4 कोटी 5 लाखांचा, त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. एक जूननंतर सोडल्याची नोंद केली तर हे ओझे दोन वर्षांत विभागता येते, अशी एक पळवाट नियमांतच ठेवलेली आहे. तिच्या आधारे 5 कोटी 30 लाख 2024 वर आणि 3 कोटी 20 लाख 2025 वर टाकण्यात आले.

विल्सन डेन्व्हरसाठी तीस सामने खेळला. शेवटच्या दोन सामन्यांत प्रशिक्षक शॉन पेटन यांनी त्याला बाकावर बसवले आणि जॅरेट स्टिडमला उतरवले. त्यामागे खेळाचा दर्जा किती आणि तो जखमी झाला असता तर 2025 च्या वेतनाची जी हमी पक्की झाली असती तिची भीती किती, यावर इथे अजूनही वाद होतात. मला विचाराल तर दुसरे कारण मोठे होते. हिशेबाच्या दृष्टीने तो निर्णय बिनचूक होता, आणि तरीही धडधाकट क्वार्टरबॅकला तो धडधाकट राहावा म्हणून बाकावर बसवलेले पाहणे काही चांगले वाटले नाही.

अण्णांना हे सगळे समजायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

माझे वडील सोलापूरला सूतगिरणीत हिशेबनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण आकड्यांचा विषय निघाला की व्हिडिओ कॉलवरही खुर्ची पुढे ओढून बसतात. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ असताना हे लोक चेंडू हातात घेऊन का पळतात, हा त्यांचा कायमचा आक्षेप बाजूला ठेवून त्यांनी विल्सनचा तक्ता ऐकून घेतला आणि म्हणाले, "अगं, हा तर घसारा झाला. नवी रिंगफ्रेम घेतली, पैसे त्याच साली चुकते केले, पण खर्च दहा वर्षांत वाटून दाखवला. मध्येच ती भंगारात काढली, की उरलेली पुस्तकी किंमत एका दमात तोट्यात जाते. म्हणून तर मालक नवं यंत्र बिघडलं तरी काढायला नको म्हणतात." मी म्हटले, "अण्णा, ही माणसं आहेत." ते म्हणाले, "कागदाला कुठं कळतं ते?" मग थोडा वेळ गप्प राहून, जुने काहीतरी आठवल्यासारखे म्हणाले, "आमच्याकडं घसारा पुरा झालेल्या दोन फ्रेमा होत्या. सगळ्यांत चांगलं सूत त्याच द्यायच्या. पण जागा हवी झाली, तेव्हा आधी त्याच गेल्या. पुस्तकात त्यांची किंमतच नव्हती, मग कुणाला काय वाटणार?"

हे बोलणे त्या दिवशी तिथेच संपले. पुढे बरेच दिवस मी करारांचे तक्ते त्या नजरेने पाहत राहिले. एखाद्या संघाला चालू वर्षी जागा हवी असते, तेव्हा तो आपल्या महागड्या खेळाडूच्या कराराची पुनर्रचना करतो. समजा त्याचे वेतन 2 कोटी आहे. ते किमान वेतनापर्यंत, 12 लाखांपर्यंत, खाली आणायचे आणि उरलेले 1 कोटी 88 लाख बोनस म्हणून लगेच हातात द्यायचे. खेळाडूचे एका डॉलरचेही नुकसान नाही, उलट पैसे लवकर मिळाले. पण करार अजून पाच वर्षांचा असेल तर या वर्षीच्या कॅपवर त्या बोनसचे फक्त 37 लाख 60 हजार पडतात आणि दीड कोटींची जागा मोकळी होते. करारात तेवढी वर्षे शिल्लक नसतील तर नुसती कागदावरची, ज्यांत खेळाडू खेळणारच नाही अशी वर्षे जोडतात. न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्सनी या विद्येत असा हात बसवला आहे, की दर वसंतात ते मर्यादेच्या कित्येक कोटी पलीकडे असतात आणि मार्चमध्ये ठरल्या वेळी बरोबर आत येतात. 2021 मध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या ड्रू ब्रीझने अडीच कोटींचे वेतन जवळपास किमान पातळीवर आणून दिले, ते संघाला तारखेपर्यंत श्वास घेता यावा म्हणूनच. फिलाडेल्फियाच्या संघाचा कारभार पाहणारे हॉवी रोझमन हीच कागदी वर्षे सर्रास वापरतात आणि त्यांचा संघ फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकतो, तेव्हा त्यांना कोणी उधळे म्हणत नाही. मर्यादा वाढत राहील या भरवशावर हे सारे चालते. मला त्या कौशल्याचे कौतुक वाटते. माझ्या रुग्णालयाच्या जमाखर्चात मी असे काही केले तर लेखापरीक्षक मला दारात उभे करणार नाही, हेही वाटते.

आणि या विद्येला श्रीमंत मालक लागतो, हे कोणी फारसे बोलत नाही. मर्यादा सर्वांना सारखी असली, तरी बोनसचे कोट्यवधी डॉलर आजच रोख मोजून देण्याची ऐपत सर्वांकडे सारखी नसते. ब्रॉन्कोज 2022 मध्ये वॉलमार्टच्या वॉल्टन घराण्याने 465 कोटी डॉलरला घेतले. विल्सनचा तो करार त्यानंतर थोड्याच दिवसांत झाला. समानतेच्या नियमालाही अशी मागची दारे असतात. त्याहून वाकडी वाट याच शहराने नव्वदच्या दशकात धरली होती. जॉन एलवे आणि टेरेल डेव्हिस या आपल्या खेळाडूंना द्यायच्या रकमा मागाहून द्यायच्या ठरवून त्या कॅपच्या नियमांतून निसटवल्याबद्दल लीगने नंतर दंड केला आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, तिसऱ्या फेरीच्या निवडी काढून घेतल्या. तोवर दोन सुपर बोल जिंकून झाल्या होत्या. त्या परत मागितल्या गेल्या नाहीत, आणि डेन्व्हरमधल्या कोणालाही त्याबद्दल अपराधी वाटताना मी पाहिलेले नाही.

आता सिमन्सबद्दल. तो 2016 मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला, संघाने सुपर बोल जिंकल्यानंतर काही आठवड्यांनी. सेफ्टी म्हणजे बचावफळीतला सर्वांत मागचा माणूस. पुढच्या सगळ्यांच्या चुका त्याच्यापर्यंत येतात. आठ वर्षांत त्याने प्रतिस्पर्ध्यांचे तीस पास हवेतच अडवून घेतले. त्या आठ वर्षांत संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. क्वार्टरबॅक आले आणि गेले, प्रशिक्षक बदलले, मालक बदलले. दोनदा संघाने त्याच्यावर फ्रँचाइझ टॅग लावला, म्हणजे त्याला खुल्या बाजारात जाऊ न देता एका वर्षाच्या ठरावीक मोबदल्यावर रोखून धरले. दुसऱ्या खेपेला, 2021 मध्ये, शेवटी 6 कोटी 10 लाखांचा चार वर्षांचा करार झाला. शहरातल्या शाळांत, मुलांच्या कार्यक्रमांत तो एवढा दिसे, की फुटबॉल न पाहणाऱ्या बायकांनाही तो माहीत होता. मुलीच्या शाळेच्या एका कार्यक्रमात मी त्याला दुरून पाहिले आहे. छोट्या खुर्चीवर गुडघे जवळजवळ हनुवटीपर्यंत आलेले, आणि एका मुलाच्या बुटाची नाडी बांधून देताना त्याने ती दोनदा ओढून घट्ट केली.

4 मार्च 2024 ला विल्सनला सोडत असल्याचे जाहीर झाले आणि 7 मार्चला सिमन्सला सोडले. त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष उरले होते. कॅपवर त्याचे 1 कोटी 82 लाख 50 हजार धरलेले होते; त्यांतला बोनसचा शेवटचा हप्ता 37 लाख 50 हजारांचा. तेवढाच डेड मनी, बाकीच्या 1 कोटी 45 लाखांची जागा मोकळी. जेरी ज्युडी या आणखी एका खेळाडूला त्याच आठवड्यात क्लीव्हलँडला ड्राफ्टमधल्या दोन खालच्या निवडींच्या बदल्यात देऊन टाकले. 13 मार्चला, न्यूयॉर्कच्या घड्याळात चार आणि आमच्याकडे दुपारचे दोन वाजता, लीगचे नवे वर्ष सुरू होते. त्या क्षणी प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावा लागतो. डेन्व्हर आत होते.

घसारा पुरा झालेली रिंगफ्रेम.

इथले चाहते डेड मनीला शिव्या घालतात, आणि मीही पुष्कळ दिवस ती रक्कम म्हणजे व्यवस्थापनाच्या मूर्खपणाची पावती समजत असे. सिमन्सचा तक्ता पाहिल्यानंतर ते मत राहिले नाही. या लीगमध्ये बेसबॉल किंवा बास्केटबॉलप्रमाणे करारातली सगळी वर्षे हमीची नसतात. कागदावर चार वर्षे लिहिलेली असली, तरी पुढच्या वर्षांचे वेतन बहुतेकदा संघाच्या मर्जीवर असते. मग खेळाडूला काढताना संघाचा हात कशाने अडतो? आधीच देऊन टाकलेल्या, पण अजून न मोजलेल्या बोनसने. चाहत्यांना जी बुडीत रक्कम वाटते, तेच खेळाडूच्या पाठीमागचे मुख्य कुंपण असते. करार नवा असेपर्यंत ते उंच असते. खेळाडू इमाने खेळत राहिला, एकेक वर्ष पुरे करत गेला, की दर वर्षी त्या कुंपणाची एक ओळ खाली येते आणि शेवटच्या वर्षी ते ओलांडायला कोणाला पायही उचलावा लागत नाही. विल्सनला दोन वर्षांत सोडणे संघाला आठ कोटी पन्नास लाखांना पडले, कारण त्याने सुरुवातीलाच घेतले आणि दिले नाही. सिमन्सला सोडणे फायद्याचे ठरले, कारण त्याने जवळजवळ सगळे देऊन झाले होते. यात कोणाचा कुटिल डाव नाही. पेटन किंवा महाव्यवस्थापक जॉर्ज पेटन (आडनाव आपल्या लिपीत सारखे दिसते, नाते काही नाही) यांच्या जागी मी असते, तर मीसुद्धा तीच ओळ खोडली असती. दुसरी खोडण्याजोगी नव्हती.

तळातल्या खेळाडूंचे तर याहून साधे असते. ऑगस्टअखेर नव्वदांतून त्रेपन्न निवडतात. सात वर्षे खेळलेल्या माणसाचे किमान वेतन 2024 मध्ये 12 लाख 10 हजार होते, नवख्याचे 7 लाख 95 हजार. अनुभवी माणूस केवळ त्या फरकापायी घरी जाऊ नये म्हणून त्याचे कॅपवर फक्त 9 लाख 85 हजार धरावेत, असा एक दयाळू नियम आहे. तरीही दोन लाखांचा फरक उरतोच, आणि अशा पाचसहा जागा असतात. मोठ्या नावांची पुनर्रचना वर्तमानपत्रांत येते; या जागा कोणत्या बेरजेने गेल्या ते येत नाही.

त्या हंगामात डेन्व्हर तळाला जाईल, असे जवळजवळ सगळ्यांनी धरले होते. तसे झाले नाही. बाराव्या क्रमांकावर निवडलेला बो निक्स पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक झाला. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूंचे वेतन 2011 पासून क्रमांकानुसार ठरलेले असते. निक्सचा चार वर्षांचा सगळा करार मिळून सुमारे 1 कोटी 86 लाखांचा, म्हणजे विल्सनच्या नावावर एका वर्षात धरलेल्या रकमेच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाचा. म्हणूनच ते ओझे संघाला पेलले. दहा सामने जिंकून, सात हरून संघ नऊ वर्षांत प्रथमच प्लेऑफमध्ये गेला आणि बफेलोला 31-7 असा हरला. सिमन्स तेव्हा अटलांटाकडून खेळत होता; अटलांटा प्लेऑफपर्यंत पोहोचला नाही. त्या रविवारी नवऱ्याने मित्रांना बोलावले होते. एकाने एकतीस नंबरची जर्सी घातली होती आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

2025 च्या मार्चमध्ये, विल्सनचे 3 कोटी 20 लाख अजून खात्यावर असतानाही, डेन्व्हरने सॅन फ्रान्सिस्कोकडून टालानोआ हुफांगा हा सेफ्टी आणला. तो मिळाला त्याचे कारणही हिशेबातच आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमधला 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. 2023 मध्ये नऊ लाखांच्या आतल्या वेतनावर त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेले, आणि त्या बचतीवर बाकीचा महागडा संघ उभा होता. त्याचे स्वस्ताईचे दिवस संपत आले, तसे आजूबाजूचे लोक सुटू लागले. मे 2025 मध्ये त्याला 26 कोटी 50 लाखांचा पाच वर्षांचा करार मिळाला. एका शहरातला क्वार्टरबॅक महाग झाला, म्हणून तिथला सेफ्टी दुसऱ्या शहरात आला, जिथला क्वार्टरबॅक अजून स्वस्त आहे. नवरा हुफांगाच्या खेळाच्या चित्रफिती दाखवत होता. मी त्याच्या कराराचा तक्ता उघडला आणि सवयीने आधी शेवटच्या रकान्याकडे गेले. करार तीन वर्षांचा आहे. शेवटचे वर्ष 2027. लीगच्या नियमाप्रमाणे बो निक्सलाही तिसरा हंगाम संपल्यावर, म्हणजे त्याच 2027 च्या वसंतात, पहिला मोठा करार मागता येईल.